मानलेली आई

अंगणात लहान मुलाच्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत. ते अंगणातून निघून झाडीकडे गेले आहेत. झाडीतून अंगणात आलेला ठसा मात्र एकही नाही. आदल्या रात्री मोसमातला पहिला बर्फ पडला, तेव्हा या घरातल्या नवरा-बायकोनं खूप दिवसांनी एकमेकांकडे बघून हसत बर्फाची एक मुलगी केली होती. तिच्या हातात लाल मोजे घातले, गळ्यात लाल मफलर गुंडाळला. सकाळी बघतात तर तिथं बर्फाचा विस्कटलेला ढीग. मोजे नाहीत, मफलर नाही आणि ही एकाच दिशेनं गेलेली पावलं.

ईओविन आयव्ही यांच्या ‘द स्नो चाइल्ड’ या कादंबरीतला हा प्रसंग. कादंबरी २०१२ साली आली आणि पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. काळ १९२० सालचा, जागा अलास्का. मेबल आणि जॅक हे पेनसिल्व्हेनियातलं सुखवस्तू घर सोडून इथं जंगल तोडून शेती करायला आलेलं जोडपं आहे, दोघंही पन्नाशीकडे झुकलेली. दहा वर्षांपूर्वी त्यांना एक मूल झालं होतं, ते मृत जन्मलं. त्यानंतर काही नाही.

आयव्ही अलास्कातच वाढल्या. तिथल्या पामर गावातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काम करताना, फडताळं लावता लावता त्यांच्या हाती मुलांचं एक सचित्र पुस्तक आलं. एका म्हाताऱ्या जोडप्यानं बर्फाची मुलगी केली आणि ती जिवंत झाली, ही जुनी रशियन गोष्ट त्यात होती. त्यांनी ती आधी कधी ऐकली नव्हती. वाचली आणि हातातली दुसरी कादंबरी बाजूला ठेवली. एक गोष्ट मला फार आवडली. अलास्का १८६७ पर्यंत रशियाचंच होतं. ७२ लाख डॉलरला ते अमेरिकेनं विकत घेतलं. म्हणजे ही रशियन मुलगी परक्या मुलखात आलेली नाही. आपल्याच जुन्या घराच्या परसात उशिरा पोचली आहे.

ती मुलगी म्हणजे स्नेगुरोच्का. रशियन घराघरांत तिची गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक सांगणारा तिला वेगळ्या प्रकारे वितळवतो. कुठं गावातल्या मुली तिला उन्हाळ्याच्या सणाला बरोबर नेतात, होळीवरून उड्या मारायचा खेळ सुरू होतो, तीही उडी मारते आणि तिची वाफ होते. १८७३ साली ओस्त्रोव्स्की या रशियन नाटककारानं तिच्यावर नाटक लिहिलं. त्यात ती वसंत आणि हिम यांची मुलगी आहे, तिला प्रेम करता येत नाही. ती आईकडे, म्हणजे वसंताकडे प्रेमाचं दान मागते, ते मिळतं, आणि प्रेम जागं झाल्यावर उन्हाची तिरीप लागताच ती विरघळते. चायकोव्हस्कीनं या नाटकाला संगीत दिलं, रिम्स्की-कोर्साकोवनं पुढं त्याचा ऑपेरा केला. सोव्हिएत काळात १९३०च्या दशकात नव्या वर्षाच्या झाडाला पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा तिला एकदम सुखाची नोकरी लागली. देद मरोज या हिमआजोबांची नात म्हणून ती मुलांना खाऊ वाटू लागली. आता ती वितळत नाही. पण मला त्या चित्रात एक जागा रिकामी दिसते. तिला आजोबा आहेत, आई-बाप नाहीत. ज्यांनी थंडीत बोटं गारठेपर्यंत तिचं नाक-डोळे कोरले ते म्हातारा-म्हातारी गोष्टीतून कधी उठून गेले, कुणाला कळलंसुद्धा नाही.

आयव्हींनी जी जुनी गोष्ट जवळ धरली ती आर्थर रॅन्समची. हा इंग्रज पत्रकार १९१३ साली लोककथा शिकायला म्हणून रशियात गेला आणि १९१६ साली त्यानं रशियन गोष्टींचं पुस्तक काढलं. त्याच्या गोष्टीत बर्फाची मुलगी रानात वाट चुकते, झाडावर चढून रडत बसते. अस्वल विचारतं, लांडगा विचारतो, ती कुणाबरोबर जात नाही. कोल्हा येतो, त्याच्यावर ती विश्वास टाकते. तो तिला नीट घरी आणून पोचवतो. म्हातारा-म्हातारी आनंदानं वेडी होतात. कोल्ह्याला बक्षीस काय हवं, तर एक कोंबडी. इथं त्यांचा हात आखडतो. मुलगी तर घरी आलीच आहे, मग कोंबडी कशाला घालवायची? ते एका पोत्यात कोंबडी घालतात, दुसऱ्यात कुत्रा, आणि कुत्र्याला कोल्ह्याच्या अंगावर सोडतात. कोल्हा पळतो. कोंबडी वाचते. आणि चुलीजवळ बसलेली मुलगी म्हणते की तुमचं माझ्यावरचं प्रेम एका कोंबडीपेक्षा कमी आहे हे मला आता कळलं, मी जाते. बघता बघता तिथं पाण्याचं थारोळं उरतं, त्यात तिची टोपी, कोट आणि बूट.

या गोष्टीचा मला राग येतो. लहान मुलाला ऐकवायला ती सुरेख आहे, कारण त्यात न्याय आहे. पण मूल नसलेल्या माणसांच्या बाजूनं ऐकली की ती छातीत रुतते. कारण गोष्ट सुरू होते तीच मुळी त्यांच्या दुःखापासून, आणि संपते त्यांच्या गुन्ह्यापाशी. इतकी वर्षं मूल नव्हतं, म्हणून तुम्ही कळवळलात. मग दिलं, तर तुम्हाला ते सांभाळता आलं नाही. म्हणजे आधी नव्हतं तेच बरोबर होतं. या जोडप्यावर गोष्टीनं खटला भरलेला असतो. कोंबडी हा त्यातला पुरावा.

असा खटला मी घरात पाहिला आहे.

माझ्या एका मावशीला मूल नव्हतं. आमच्याकडे बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. त्या रांगेत मावशीला कुणी बोलावत नसे. कुणी ‘येऊ नकोस’ असं म्हणायचंही नाही. त्या वेळेला तिला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. घुगऱ्यांना फोडणी द्यायची असायची, नाहीतर सुंठवडा वाट्यांत भरायचा असायचा. मी लहानपणी समजायची की मावशीला कामाची फार हौस. ओटी भरण्याच्या कार्यक्रमातही तसंच. आणि तिच्या कानावर पडेल इतक्या हळू आवाजात, म्हणजे मोठ्यानंच, बायका कारणं शोधत असत. हिनं लहानपणी काय केलं, लग्नाआधी कुठला नवस फेडायचा राहिला, नोकरी करते म्हणून का, चिडचिडी आहे म्हणून का. दुसऱ्याच्या मुलाला तिनं जवळ घेतलं तर ‘किती सोस बाई’, आणि नाही घेतलं तर ‘म्हणूनच देवानं दिलं नाही’. कोंबडी द्या किंवा देऊ नका, निकाल ठरलेला.

मग एक दिवस काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, लांबची बदली मागून घेतली. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांचं इथं चांगलं चाललं होतं. त्यानंतर ती दोघं लग्नकार्यापुरती यायची.

‘द स्नो चाइल्ड’ची पहिली दोन पानं वाचली तेव्हा मला काकांची ती बदली कळली. मेबल अलास्काला येते ती शांततेसाठी. तिथं पाळण्यातल्या बाळांचं रडणं ऐकू येणार नाही, शेजारची मुलं अंगणात खेळणार नाहीत, जिन्याच्या पायऱ्यांवर लहान पावलं वाजणार नाहीत, आणि नातेवाइकांच्या डोळ्यांतली कीव बघावी लागणार नाही. हे तिनं जाणूनबुजून मागून घेतलेलं आहे. पण आल्यावर तिला कळतं की ही शांतता तिला वाटली तशी नाही. उत्तरेकडचा हिवाळा आहे, डिसेंबरात त्या भागात दिवस जेमतेम साडेपाच तासांचा होतो. जॅक दिवसभर झाडांचे बुंधे उपटण्यात खपतो आणि रात्री ताटावरून मान वर करत नाही. मेबल गावातल्या हॉटेलासाठी ‘पाय’, म्हणजे सारण भरलेले पदार्थ, भाजून देते, त्याचे चार पैसे येतात. पुढं ते पदार्थही हॉटेलवालीला नकोसे होतात. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मेबल गोठलेल्या नदीवर चालत जाते. बर्फ फुटला तर फुटू दे, अशा विचारानं. तो फुटत नाही. ती घरी येते आणि संध्याकाळचा स्वयंपाक करते. जॅकला काही कळत नाही.

या पुस्तकाची ओळख करून देणारे बहुतेक जण मुलीबद्दल बोलतात. मला मात्र हे जोडपं पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. मूल गेल्याचं दुःख दोघांचं असतं, असं आपण म्हणतो. आयव्ही दाखवतात की ते दोघांचं असूनही एक नसतं. मेबलनं ते बाळ पाहिलंच नव्हतं. जॅकनं एकट्यानं त्याला नेऊन पुरलं. ते कुठं पुरलं, पुरताना काही म्हटलं का, मुलगा होता की मुलगी, हे मेबलनं विचारलं नाही, आणि तिला त्रास होईल म्हणून त्यानं सांगितलं नाही. दहा वर्षं हा प्रश्न त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तिसऱ्या माणसागत बसलेला आहे. पुढं कधीतरी ती विचारते आणि तो सांगतो. बाळाला त्यानं एकट्यानंच नाव दिलेलं असतं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

जॅक या कादंबरीत दोनदा कबर खणतो. पहिली स्वतःच्या बाळाची. दुसरी डोंगरात, बर्फातून आलेल्या त्या मुलीच्या बापाची.

हो, तिला बाप होता. मुलगी परत परत येत राहते, सोबत एक लाल कोल्हा असतो. आधी झाडीच्या कडेला उभी राहते, मग अंगणात येते, मग दाराशी, आणि एकदाची घरात. तिचं नाव फाइना. मेबलला वडिलांच्या संग्रहातलं लहानपणीचं रशियन पुस्तक आठवतं. ती बहिणीला, एडाला पत्र लिहून ते मागवते. पुस्तक येतं. भाषा रशियन, मेबलला वाचता येत नाही, पण चित्रं आहेत आणि शेवट आठवतो आहे. तेव्हापासून ती चुलीत लाकूड घालतानासुद्धा घाबरू लागते. आणि त्याच वेळी जॅकला फाइना डोंगरात घेऊन जाते. तिथं तिचा दारुडा बाप गारठून मेलेला पडला आहे. पोरगी या रानात एकटीच आहे, सशांना फास लावून जगते आहे. जॅक गोठलेल्या जमिनीवर जाळ करतो, माती ढिली करतो आणि त्या माणसाला पुरतो. फाइना त्याच्याकडून वचन घेते, कुणाला सांगायचं नाही. तो मेबललाही सांगत नाही. पुन्हा एकट्यानं खणलेली कबर, आणि पुन्हा तिच्यापासून लपवलेली. या माणसाला दुःख वाटून घ्यायचं म्हणजे काय ते माहीतच नाही. तो ते पाठीवर घेतो आणि चालू लागतो. काका तसेच होते. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे, ना चांगलं ना वाईट. खटल्यात त्यांचं नावही नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्यांना जास्त लागलं असेल.

तर मुलगी खरी आहे. हाडामांसाची, अनाथ. पण आयव्ही तिथं थांबत नाहीत. फाइनाच्या उघड्या तळहातावर बर्फाचा कण पडतो आणि वितळत नाही. मेबल श्वास रोखून त्याचं चित्र काढते, इतका वेळ तो तिथं असतो. वसंत आला की फाइना वरच्या डोंगरात निघून जाते, पहिल्या बर्फाबरोबर परतते. आणि पानावरची एक खूण आहे, ती मला आधी जाणवली आणि मग दिसली. बाकी सगळ्या माणसांचं बोलणं अवतरणचिन्हांत आहे. फाइना समोर असली की ती चिन्हं नाहीशी होतात. कोण बोललं, कोण मनात म्हणालं, काहीच नक्की धरता येत नाही. लेखिका शेवटपर्यंत निवाडा करत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. ती हिमकन्या आहे की रानातलं पोरकं पोर, याचा उलगडा झाला असता तर आपण मेबलवर निकाल देऊन मोकळे झालो असतो. एकतर तिचं डोकं फिरलं, नाहीतर तिला चमत्कार लाभला. उलगडा होत नाही म्हणून आपल्याला तिच्याबरोबर त्या घरात राहावं लागतं.

जॅकनं शेवटी सगळं सांगितल्यावर मेबलला सुटल्यासारखं वाटत नाही. तिला राग येतो. एवढं मोठं तू माझ्यापासून लपवलंस, आणि एका लहान मुलीला त्या रानात एकटीला राहू दिलंस. तिच्या त्या रागात पहिल्यांदा मला आई दिसली. बर्फाची मुलगी वितळेल या भीतीत मेबल स्वतःसाठी रडत होती. पोर रानात एकटं आहे म्हटल्यावर ती पोरासाठी चिडली.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची कहाणी वाचत. जिवतीचा कागद देवघरात लावलेला, पोरांनी पाटावर बसायचं, आईनं ओवाळायचं. कहाणी मूल नसलेल्या राणीचीच आहे, पण लहानपणी ते कळत नाही. आटपाट नगराच्या राणीला मूल नाही. ती सुईणीला पैशाचं आमिष दाखवते आणि एका गरीब ब्राह्मणीचं बाळ जन्मतःच पळवते. त्या बाईच्या डोळ्यांवर बांधलेलं असतं, तिला सांगतात की तुला वरवंटा झाला. बाई दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि चारी दिशांना अक्षता टाकत म्हणते, माझं बाळ जिथं असेल तिथं खुशाल असो. आणि त्या अक्षता जाऊन राजवाड्यातल्या मुलाच्या डोक्यावर पडतात. मोठा झाल्यावर तो काशीयात्रा करतो, गयेला पिंड देताना दोन हात वर येतात, आणि शेवटी गावजेवणात त्या बाईला पान्हा फुटून दुधाची धार त्याच्या तोंडात पडते. तो रुसून निजतो. राणी समजूत घालायला येते आणि सांगते, ती तुझी खरी आई, मी तुझी मानलेली आई.

इतकी वर्षं ऐकलेल्या कहाणीतलं हे वाक्य मला ‘द स्नो चाइल्ड’ वाचल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं. राणीनं चोरी केली, त्यात शंकाच नाही. पण सत्य सांगायला दुसरं कुणी आलेलं नाही. सुईण नाही, देवी नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ज्या मुलाला वाढवलं त्याच्या उशाशी बसून. त्यानंतर मुलगा खऱ्या आई-बापांना राजवाड्याशेजारी वाडा बांधून देतो, कहाणी सुफळ संपूर्ण होते, आणि राणीचं काय झालं ते कुणी विचारत नाही. शिक्षाही नाही आणि चौकशीही नाही. मला विचारावंसं वाटतं.

मेबलही एका मुक्कामावर या दोन बायकांच्या मधे उभी आहे. आधी तिला राणीसारखं हवं असतं. फाइनानं घरात राहावं, तिच्यासाठी खोली करावी, तिला शाळेत घालावं. फाइना ऐकत नाही, निघून जाते. मेबल निळ्या लोकरीचा कोट शिवते. कोट घालून फाइना पुन्हा रानातच जाते. हळूहळू मेबल त्या ब्राह्मणीच्या जागी सरकते. पोर जिथं असेल तिथं खुशाल असो एवढंच म्हणायला शिकते, आणि दिवस डोंगराकडे बघत काढते. हे सोपं नाही. आयव्ही ते सोपं करूनही दाखवत नाहीत. प्रत्येक वसंतात तिला ते नव्यानं शिकावं लागतं.

फाइना मोठी होते. शेजारच्या बेन्सनांचा धाकटा मुलगा गॅरेट, हाडाचा फासेपारधी, एकदा तिचा कोल्हा मारतो. रॅन्समच्या गोष्टीत कोल्हा फसवला गेला होता, इथं तो गोळी खाऊन मरतो, आणि कोंबडीवरून सगळं संपून जावं तशी वेळ येते. पण फाइना वितळत नाही. ती आणि गॅरेट प्रेमात पडतात, लग्न होतं, मुलगा होतो. बाळंतपणानंतर तिला ताप चढतो, अंगाचा दाह होतो, तिला बाहेर थंडीत जायचं असतं. एका रात्री गॅरेटचा डोळा लागतो आणि ती नाहीशी होते. मागं कपडे उरतात. कादंबरी वाचायची असेल त्यांना मी शेवट सांगून टाकला याची जाणीव मला आहे. पण रशियन गोष्ट माहीत असणाऱ्याला तो पहिल्या पानापासून माहीतच असतो, आणि मेबललाही असतो.

या शेवटच्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. फाइनाला तारुण्य, संसार आणि बाळंतपण फार भराभर उरकावं लागतं. जी मुलगी रानात एकटी राहिली, जिनं जिवंत हंसाशी झुंज घेऊन त्याला मारलं, तिला या घरात बसवल्यावर काय वाटत होतं हे मला तिच्याकडून ऐकायचं होतं. आणखी एक. आयव्हींनी जी खोरी रंगवली आहेत तिथं आह्तना आणि देनाइना हे मूळ रहिवासी लोक शेकडो वर्षं राहत आले आहेत. पुस्तकात ते जवळजवळ दिसत नाहीत. बर्फात जगायचं कसं हे ज्यांना सगळ्यात जास्त माहीत, त्यांच्यावाचूनचं ते रान मला थोडं अपुरं वाटत राहिलं.

तरी या पुस्तकानं जे केलं ते रॅन्समच्या गोष्टीनं केलं नव्हतं. मुलगी जाते, पण कुणाच्या चुकीनं जात नाही. कुणी कोंबडी वाचवली म्हणून नाही, कुणी खूप प्रेम केलं म्हणून नाही आणि कमी केलं म्हणूनही नाही. एडा त्या पुस्तकाबरोबर पाठवलेल्या पत्रात लिहिते की या गोष्टीचे शेवट अनेक आहेत आणि सगळे दुःखाचे आहेत; पण आपला शेवट आपणच रचला आणि दुःखाऐवजी आनंद निवडला तर काय हरकत आहे? कादंबरी एडाचं पूर्ण ऐकत नाही. पण मेबल आणि जॅक त्या म्हातारा-म्हातारीसारखी पाण्याच्या थारोळ्याकडे बघत उरत नाहीत. त्यांच्या अंगणात नातू धावतो. आई-बाप होता होता राहिलेली ही माणसं आजी-आजोबा होतात, आणि कुणी त्यांना हिशोब विचारत नाही.

आता एस्थर बेन्सनबद्दल. तिच्याविना हे पुस्तक मला आवडलंच नसतं. मेबलची शेजारीण, पुरुषी विजार घालून फिरणारी, तीन मुलांची आई, मोठ्यानं बोलणारी. फाइनाबद्दल ऐकून ती मेबलला तोंडावर सांगते की हिवाळ्यात अशा घरात कोंडून पडलेल्या बाईला भास होतात. तिला मेबलची कीव येत नाही. जॅकची पाठ मोडते, तो आडवा होतो, ऐन पेरणीच्या दिवसांत, तेव्हा एस्थर मुलगा घेऊन येते आणि मेबलला बटाटे लावायला शेतात उतरवते. मेबल मातीनं भरते, रात्री थकून झोपते आणि जॅकशी जुन्या दिवसांसारखं बोलू लागते. हे सगळं फाइना नसताना, उन्हाळ्यात घडतं. बर्फाच्या मुलीनं जे जागं केलं ते टिकवलं शेतानं आणि या शेजारणीनं.

मावशीला नव्या गावात अशी एक शेजारीण मिळाली होती. मी सुटीत तिच्याकडे गेले होते तेव्हा पाहिली. तिला चार मुलं, घरी शिवणकाम. ती सकाळी दार ढकलायची, दोन लहान पोरं आत सोडायची, ‘वहिनी, ह्यांना बघा, मला सहा ब्लाउज द्यायचेत’ म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता जायची. संध्याकाळी पोरांचे गुडघे फुटलेले असले तर ती मावशीलाच रागवायची, जसं घरातल्या माणसाला रागवतात. मावशी तिला उलट बोलायची. बारशाला फोडणीच्या कामात बुडणारी माझी मावशी त्या ओट्यावर उभी राहून कमरेवर हात ठेवून भांडायची, पोरं तिच्या पदराआड लपलेली असायची, आणि काका आत पेपर वाचता वाचता हसत असायचे.